महिलांच्या डॉर्मिटरीऐवजी मिश्र डॉर्मिटरी, खालच्या बंकऐवजी वरचा : ओसाका येथील आरक्षणाबाबत तक्रार

दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
परदेश प्रवास आरक्षण विभाग, पुणे

विषय : ओसाका येथील होस्टेलच्या आरक्षणात दिलेली चुकीची माहिती, जादा घेतलेला कर आणि रकमेचा परतावा.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी नोव्हेंबर महिन्यासाठी जपानमधील ओसाका शहरातल्या एका होस्टेलमध्ये माझ्यासाठी आणि माझ्या आईसाठी दोन बंक आरक्षित केले होते. आरक्षण करताना मी ‘फक्त महिलांसाठी’ असलेली डॉर्मिटरी निवडली होती आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे तिला खालचाच बंक मिळावा, असे विनंतीच्या रकान्यात स्पष्ट लिहिले होते. आपण पाठवलेल्या निश्चितीपत्रावर या दोन्ही गोष्टी ठळक अक्षरांत छापलेल्या आहेत. प्रत्यक्षात आम्हाला स्त्री-पुरुषांच्या मिश्र डॉर्मिटरीतले दोन बंक मिळाले आणि ते दोन्ही वरचे होते.

रिसेप्शनवरच्या तरुणाने आमचे पासपोर्ट घेऊन त्यांच्या प्रती काढल्या. जपानमध्ये निवासी पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत तिथल्या नियमानुसार हे करावेच लागते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यानंतर त्याने आमच्या आरक्षणाचा कागद पुढे केला. मी माझे निश्चितीपत्र त्याच्या शेजारी ठेवले. आरक्षण क्रमांक एकच, तारखा त्याच, नावेही तीच होती; मात्र आपल्याकडून होस्टेलला गेलेल्या कागदावर खोलीच्या प्रकारापुढे ‘मिश्र’ असे लिहिलेले होते आणि विनंतीचा रकाना पूर्ण कोरा होता. त्या तरुणाने दोन्ही कागदांवरच्या त्या ओळींवर बोट ठेवून, मान लववून दिलगिरी व्यक्त केली. वास्तविक त्याची काहीच चूक नव्हती. महिलांची डॉर्मिटरी त्या रात्री भरलेली होती आणि आमच्यासाठी तिथे जागा राखून ठेवायची आहे, हे त्याला कोणी कळवलेलेच नव्हते. म्हणून ही तक्रार मी होस्टेलविरुद्ध करत नसून आपल्या कंपनीविरुद्ध करत आहे. मला एक लेखी कळवायचे आणि होस्टेलला दुसरेच, हा प्रकार आपल्या कार्यालयात घडलेला आहे.

वरचा बंक म्हणजे नेमके काय, हे आपल्या प्रतिनिधीला दूरध्वनीवर समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला, पण त्यांनी ऐकून घेतले नाही. म्हणून इथे लिहिते. बंकच्या कडेला भिंतीसारखी सरळ उभी लोखंडी शिडी होती. तिच्या पायऱ्या सपाट नव्हत्या, गोल नळीच्या होत्या आणि त्यांवर तळव्याचा जेमतेम मधला भाग टेकत होता. वर पोहोचल्यावर धरायला कठडा नव्हता, त्यामुळे शेवटच्या पायरीवरून गादीवर गुडघे टेकूनच आत सरकावे लागत होते. शस्त्रक्रियेनंतर गुडघे टेकायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावलेल्या माणसाला हे शक्यच नाही. त्यातून आईला रात्री एक-दोनदा उठावे लागते आणि त्या अंधारात, खाली अनोळखी माणसे झोपलेली असताना, ती त्या शिडीवरून उतरणार तरी कशी? खालचा बंक ही आमची आवडनिवड नव्हती, गरज होती, आणि म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी मी ती लिहून कळवली होती.

खालच्या बंकवर आधीच झोपलेल्या पाहुण्यांना उठवणे होस्टेलला शक्य नव्हते आणि तसा आग्रह धरणे मलाही योग्य वाटले नाही. कर्मचाऱ्यांनी एरवी रात्री बंद होणारी सामाईक बैठकीची खोली आमच्यासाठी उघडी ठेवली आणि पांघरुणे आणून दिली. आई त्या रात्री सोफ्यावर झोपली. तिने कुरकुर केली नाही, पण सकाळी तिचे पाय सुजलेले होते आणि त्या दिवशी ठरवलेला ओसाका किल्ला तिला पाहता आला नाही. दुसऱ्या दिवशी मी जवळच्याच एका साध्या हॉटेलात दोघींसाठी खोली घेतली. उरलेल्या रात्रींचे पैसे होस्टेलने आपल्याकडून आधीच घेतलेले असल्यामुळे ते आपल्याकडूनच परत मागावेत, असे त्यांनी मला लेखी दिले आहे.

आपल्या प्रतिनिधीने यावर दिलेली दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. ‘बजेट होस्टेलमध्ये एवढे चालायचेच’ हे त्यांचे पहिले उत्तर होते. स्वस्त मुक्कामात काय चालवून घ्यायचे, याची मला पूर्ण कल्पना आहे. सामाईक स्नानगृह, रात्रीची शांतता पाळण्याचा नियम, सामानाला अपुरी जागा, सकाळी ठरलेल्या वेळी खोली सोडणे यांपैकी कशाचीही तक्रार मी केलेली नाही आणि करणारही नाही. दर कमी असला की सोयी कमी असणार, पण जे लिहून दिले ते खोटे असावे, हे कोणत्याही दरात बसत नाही. दुसरे उत्तर असे की, एक्स्पोमुळे, म्हणजे तिथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनामुळे, ओसाकात सगळीकडेच गर्दी होती. ओसाकाचा जागतिक एक्स्पो १३ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचा मुक्काम त्यानंतर नोव्हेंबरात होता. शिवाय गर्दी असली तरी तिच्यामुळे निश्चितीपत्रातला मजकूर आणि होस्टेलला गेलेला मजकूर वेगवेगळा कसा होतो, याचा खुलासा झालेला नाही.

ठिकाणाविषयीची माहितीही दुरुस्त व्हायला हवी. आपल्या पानावर ‘दोतोंबोरीपासून चालत ५ मिनिटे’ असे लिहिले आहे; दोतोंबोरी म्हणजे ओसाकातला खाण्यापिण्याचा आणि फिरण्याचा प्रसिद्ध भाग. प्रत्यक्षात हे होस्टेल निशिनारी भागात, शिन-इमामिया स्थानकाजवळ आहे आणि तिथून दोतोंबोरी सुमारे दोन किलोमीटर दूर आहे. हा परिसर पूर्वीपासून रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुरांच्या वस्तीचा आहे. १९७० च्या ओसाका एक्स्पोच्या बांधकामांसाठी इथे मोठ्या संख्येने कामगार आले. त्यांच्यासाठी असलेल्या लहान-लहान खोल्यांच्या स्वस्त निवासांपैकी अनेकांचे पुढे प्रवाशांसाठी होस्टेल झाले आणि इथले दर कमी असण्याचे ते एक मोठे कारण आहे. त्यात लपवण्यासारखे काय आहे? विमानतळावरून नानकाई रेल्वेने थेट शिन-इमामियाला उतरता येते आणि शेजारच्या दोबुत्सुएन-माए स्थानकावरून मिदोसुजी मेट्रोने दोतोंबोरीजवळचे नाम्बा स्थानक दुसऱ्याच थांब्यावर येते. ही खरी माहिती दिली असती, तरी मी हेच ठिकाण निवडले असते. फक्त आईला रोज किती चालावे लागेल, याचा अंदाज मला आधीच घेता आला असता. त्या वस्तीत आम्हाला कोणताही त्रास झाला नाही, हेही इथे नोंदवते, कारण ‘त्या भागात असेच असते’ असे आपल्या प्रतिनिधीने सूचित केले आणि ते मला अतिशय खटकले.

आता कराचा मुद्दा. आपण माझ्याकडून ‘स्थानिक निवास कर’ या नावाने दरडोई दर रात्री २०० येन, रुपयांत हिशेब करून, वेगळे घेतले आहेत. ओसाका प्रांतात हा कर आहे हे खरे, परंतु १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित नियमानुसार तो दरडोई दर रात्री ५,००० येन किंवा त्याहून अधिक भाडे असेल तरच लागतो. त्यापूर्वी ही मर्यादा ७,००० येन होती. आमच्या एका बंकचे भाडे ३,४०० येन होते, म्हणजे जुन्या किंवा नव्या, कोणत्याच नियमाने आम्हाला हा कर लागू होत नाही. होस्टेलनेही असा कर घेतला नसल्याचे सांगितले आहे. रक्कम किरकोळ आहे, पण ती सरकारच्या नावावर घेतलेली आहे, आणि प्रत्येक स्वस्त आरक्षणावर ती अशीच घेतली जात असेल तर ही बाब फार गंभीर आहे. ही रक्कम कोणाकडे जमा झाली, हे मला लेखी कळवावे.

वरील कारणांमुळे होस्टेलच्या सर्व रात्रींचे भाडे, कर म्हणून घेतलेली रक्कम आणि हॉटेलसाठी करावा लागलेला जादा खर्च मला परत मिळावा. तसेच माझी विनंती होस्टेलपर्यंत का पोहोचली नाही, याचा लेखी खुलासा मिळावा आणि संकेतस्थळावरील ठिकाणाची व कराची माहिती दुरुस्त व्हावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत निश्चितीपत्र, होस्टेलला मिळालेल्या आरक्षणाच्या कागदाचे छायाचित्र, होस्टेलचे लेखी निवेदन, हॉटेलची पावती आणि आईच्या शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांची प्रत जोडली आहे.

आपली,
आरक्षणधारक ग्राहक, पुणे