शब्द देणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

समोर बसून आभार मानले तर तुम्ही "चहा निवतोय" म्हणून विषय बदलणार, हे आम्हा चौघांनाही ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

तुम्ही कॅमेरा हातात धरत नाही. ॲपर्चर आणि शटर आम्हीच तुम्हाला समजावून सांगत होतो, तर तुम्ही "म्हणजे खिडकी किती उघडायची आणि किती वेळ, एवढंच ना?" असं विचारून आमचं अर्ध्या तासाचं व्याख्यान मोडीत काढलंत. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईंकडून आम्ही फोटो काढायला शिकलो, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

त्याआधीचे आमचे फोटो कुठल्याही कॅलेंडरवर खपले असते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, पर्वतीवरून मावळता सूर्य, पावसाळ्यातला सिंहगड. फोकस बरोबर, क्षितिज सरळ, आणि दुसऱ्यांदा बघावं असं त्यात काही नाही. मग तुम्ही दर रविवारी एक शब्द द्यायला लागलात. एकाने एकच फोटो आणायचा, तोही चार बाय सहा छापून. बघणाऱ्याने 'छान', 'भारी' म्हणायचं नाही, काय दिसतंय ते सांगायचं. ही शेवटची अट किती जाचक आहे ते पहिल्याच बैठकीत कळलं. 'भारी' काढून घेतल्यावर आमच्याकडे बोलायला काही उरेना.

'उरलेलं' हा शब्द दिलात तेव्हा आम्ही तिघं सरळ जुन्या बाजारात गेलो आणि गंजलेले नट-बोल्ट घेऊन आलो. चौथी मात्र पुन्हा शनिवारवाड्यातच गेली. दरवाजाकडे पाठ करून तिने आतल्या जोत्यांचा फोटो काढला. १८२८ च्या आगीनंतर आत राहिलेले ते दगडी चौथरे, आणि त्यातल्या एकावर डबा उघडून बसलेलं कुटुंब. इतकी वर्षं आम्ही त्या जोत्यांवरूनच दरवाजाची फ्रेम लावत आलो होतो. तुम्ही फोटो हातात धरलात आणि म्हणालात, "यात शब्द आहे." आमच्या नट-बोल्टांबद्दल म्हणालात, "स्वच्छ आलेत." पुण्यात राहून हा शेरा कळत नसता तर बरं झालं असतं.

'आवाज' दिलात तेव्हा मी मनातून चिडले होते. फोटोत आवाज कुठून आणायचा? कसब्यातल्या तांबट आळीत एका कारागिराच्या परवानगीने बसले. मठारकाम चाललेलं, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकेक ठोका देत ओळी पाडायच्या. १/५०० सेकंदाच्या शटरने काढलेल्या फोटोत हातोडी हवेत गोठलेली, सगळं चिडीचूप. कॅमेरा उंबऱ्यावर टेकवून शटर १/१५ पर्यंत खाली आणलं, तेव्हा भांडं जागच्या जागी राहिलं आणि हात धुरकट झाला. दारातून तिरका उजेड येत होता, त्यामुळे एकेक ठोक्याचा खळगा वेगळा दिसत होता. मंद शटरबद्दल मी आधीही वाचलेलं होतं, पण ते कशासाठी वापरायचं ते तुमच्या त्या शब्दाने सांगितलं.

आणि 'पांढरं'! पालख्या पुण्यात होत्या, नाना पेठेत सगळीकडे वारकरी, वर ढगाळ आभाळ. आमच्यातल्या एकाने त्याच संध्याकाळी फोटो छापून आणला. तुम्ही चष्मा वर केलात. "पाऊस आहे मान्य, पण यांची धोतरं धुतलेली नाहीत का?" कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मधल्या राखाडीच्या हिशेबाने मोजतं, त्यामुळे फ्रेमभर पांढरं आलं की ते मळकं दिसतं. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावं लागतं, म्हणजे दुप्पट उजेड आत घ्यावा लागतो. पालख्यांचा मुक्काम दोन दिवसांचा असतो म्हणून बरं, दुसऱ्या दिवशी धोतरं धुऊन निघाली.

तरी मला सर्वात जास्त आठवतात त्या तुमच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या. जुन्या लग्नपत्रिका कापून काटकोनात केलेल्या. फोटोवर त्या ठेवून तुम्ही हळूहळू आत सरकवायच्या. आधी आभाळाचा तुकडा जायचा, मग कडेची स्कूटर, मग आम्हाला फार आवडलेलं एखादं झाड. आम्ही कळवळून "ते राहू द्या ना" म्हणायचो. तुम्ही विचारायच्या, "ते काय करतंय इथे?" उत्तर देता आलं तर पट्टी मागे यायची. आता व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की हाच प्रश्न ऐकू येतो. बटण दाबण्याआधी दोन पावलं पुढे जायची सवय लागली ती त्यातूनच. आमच्यातला एक जण आता लग्नांची कामं घेतो आणि शेकडो फोटोंतून अल्बमचे निवडताना त्याच पट्ट्या काढतो, लॅपटॉपच्या पडद्यावर धरून. गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटतं, पण अल्बम आटोपशीर होतो.

एक भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. 'गर्दी' दिलात, वर अट घातलीत की एकही चेहरा नको. मी एका देवळाबाहेरच्या चपला काढल्या, लांब उभी राहून झूम लावून, म्हणजे पुढच्या-मागच्या रांगा एकावर एक चढतील. त्यात एक भडक गुलाबी सँडल डोळ्यात जात होती, म्हणून फोटो कृष्णधवल केला. तुम्ही म्हणालात, "रंग काढला की फोटो शहाणा दिसतो, होत नाही." इतर वेळी मान्य. पण त्या गुलाबी सँडलमुळे गर्दी नाहीशी होऊन एकटी सँडलच उरत होती, आणि तुमच्याच नियमाने तिला तिथे काही काम नव्हतं. दोन्ही प्रती छापून ठेवल्या आहेत. रविवारी घेऊन येते, पट्ट्या तयार ठेवा.

तुमची,
चौघांतली चहा न पिणारी