प्रशिक्षकपद हीही कारकीर्दच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील महाविद्यालयीन टेनिसची आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः सोमदेव देववर्मनमुळे; व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ व २००८ अशी सलग दोन वर्षे तो तिथला एकेरीचा राष्ट्रीय विजेता होता. मला मात्र अमेरिकी टेनिसपटू ब्रायन शेल्टन यांची वाटचाल अधिक मोलाची वाटते. महाविद्यालयीन टेनिस जॉर्जिया टेक या विद्यापीठाकडून खेळलेल्या शेल्टन यांनी १९९४ च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्या मानांकित मायकेल श्टिखला पहिल्याच फेरीत गारद केले आणि निवृत्तीनंतर आपल्याच संस्थेच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. तो संघ २००७ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. २०२१ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली फ्लोरिडा विद्यापीठाच्या मुलांनीही विजेतेपद मिळवले. तिथे हे पूर्ण वेळ, पगारी पद असते.

माझी मुलगी विश्रामबागेत ज्यांच्याकडे टेनिस शिकते, ते सर एकेकाळचे विद्यापीठ विजेते आहेत. पहाटे साडेपाचला लाल मातीच्या कोर्टवर पाइपने पाणी मारणे, रोलर फिरवणे, चुन्याच्या रेषा आखणे हे सगळे ते स्वतःच करतात. मग लव उडालेल्या जुन्या चेंडूंची बादली घेऊन नेटपाशी उभे राहतात आणि 'आधी रॅकेट मागे, मग पळ' हे एकच वाक्य तासभर न कंटाळता सांगतात. दहा वाजता मात्र ते एका दुकानात हिशेब लिहायला बसलेले असतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेण्याची त्यांची फार इच्छा होती, परंतु तेवढे महिने घर कोण चालवणार? एका महाविद्यालयाचे त्यांना बोलावणे येते, तेही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पंधरा दिवसांवर आल्यावर आणि तुटपुंज्या मानधनावर. (गेल्या वर्षीचे मानधन अजून मिळालेले नाही, हे त्यांनी नव्हे, त्यांच्या पत्नीने सांगितले.)

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ते असावेच. पण त्यातून टेनिसपटूला मिळते ती बहुधा कारकुनी, आणि रॅकेट कपाटावर जाते. सांगली-मिरजेतील किंवा साताऱ्यातील तीन-चार महाविद्यालयांनी मिळून अशा एका माजी विजेत्याला वर्षभराच्या करारावर नेमले, तर कोणा एकावर भार पडणार नाही. शिवाजी विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे. जिमखाना शुल्क तर प्रवेशाच्या वेळीच भरून घेतले जाते.

आपला विश्वासू,
एक पालक, सांगली