अठराव्या वाढदिवसानंतरचे पालकत्व

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दर वर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनानिमित्त, आपल्या व इतर वृत्तपत्रांत तीनचाकी सायकली, कुबड्या आणि श्रवणयंत्रे यांच्या वाटपाची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. साहित्याची गरज खरीच आहे आणि ते देणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु दिव्यांगांच्या संस्था-संघटना आणखी एक काम करतात, ज्याचे छायाचित्र निघत नाही आणि ज्यासाठी देणगीही सहसा मिळत नाही. ते काम म्हणजे सरकारी कचेऱ्यांतला पाठपुरावा. एका बौद्धिक दिव्यांग मुलीचा बाप या नात्याने मला त्याविषयी लिहावेसे वाटते.

मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचे बँक खाते माझ्या सहीवर चालत होते. अठरा पूर्ण होताच बँकेने तिची सही मागितली आणि ती व्यवहार समजून सही करू शकत नाही हे पाहिल्यावर पालकत्वाचे प्रमाणपत्र आणण्यास सांगितले. मी तिचा जन्मदाता, मला आणखी कसले प्रमाणपत्र, असे मी त्या अधिकाऱ्यांना जरा चढ्या आवाजातच विचारले. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचे काही चुकले नव्हते. अपत्य सज्ञान झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, मग त्या अपत्याला स्वतःची वेणीही घालता येत नसली तरी. अडचण एवढीच होती, की ते प्रमाणपत्र कोठे मिळते हे त्या शाखेत कोणालाच सांगता येईना. कोणी न्यायालयाकडे बोट दाखवले, कोणी तहसील कचेरीकडे, आणि या फेऱ्यांत आमचे आठ महिने गेले. शेवटी विशेष शाळेच्या फाटकाशी मुलाची वाट पाहत उभ्या असलेल्या एका ताईंनी, ज्या पालक संघटनेचे काम करत होत्या, मला दहा मिनिटांत सगळे समजावून सांगितले.

त्यांनी सांगितले ते असे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमता येतो आणि ही नेमणूक न्यायालय नव्हे, तर स्थानिक स्तर समिती करते. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, याच कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात, तसेच नोंदणीकृत संस्थाही करू शकते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि पुढे दर वर्षी हिशेब सादर करायचा असतो. पालकच आबाळ करू लागला किंवा पैशांचा अपहार करू लागला, तर त्याला हटवण्याची मागणी समितीकडे करण्याचा अधिकारही नातेवाइकांबरोबर संस्थेला दिलेला आहे.

संस्थेला दिलेले हे स्थान शोभेचे नाही. आम्हा पालकांना रात्री झोप न येऊ देणारा प्रश्न 'आमच्यानंतर काय' हा असतो. वडील सरकारी नोकरीत असतील तर अशा अपत्याला नियमांनुसार हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पण ती रक्कम तिच्या वतीने कोण घेणार आणि ती तिच्यावरच खर्च होते आहे का, हे कोण पाहणार? घरातल्या वाटण्यांत दिव्यांग बहिणीचा हिस्सा कसा विरघळतो, हे मी नात्यागोत्यातच पाहिले आहे. अशा वेळी घराबाहेरचे, पण घरची परिस्थिती जाणणारे कोणी असावे लागते, आणि ते काम संस्थाच करू शकते.

या क्षेत्रातील संस्थांचा इतिहासही पालकांच्या याच काळजीशी जोडलेला आहे. मुंबईत 1944 मध्ये वकील आडनावाच्या दांपत्याने सुरू केलेली जय वकील शाळा किंवा मिठू अलूर यांनी स्वतःच्या मुलीच्या गरजेतून 1972 मध्ये स्थापन केलेली आणि आता 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाणारी संस्था, यांनी शिक्षणाची वाट पाडली. शाळा मात्र एका वयाला संपते. त्यापुढच्या आयुष्यासाठी कायद्याचा आधार हवा, ही मागणी पालकांच्या संघटनांनी लावून धरली आणि 1999 च्या कायद्यामागे तिचा मोठा वाटा होता.

मात्र एक गोष्ट आम्हा पालकांच्या सोयीची नसली तरी सांगितली पाहिजे. मुलांच्या वतीने बोलण्याची आम्हाला इतकी सवय झालेली असते, की त्यांना काही म्हणायचे असेल हेच आम्ही विसरतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली आहे. त्यानुसार पालकाने विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून तिच्या इच्छेनुसार वागायचे असते. माझ्या मुलीला हिशेब कळत नाही, पण कोणत्या मावशीकडे राहायला आवडेल आणि कोणत्या काकांकडे मुळीच नाही, हे ती ठामपणे सांगते. तिचे हे म्हणणे अर्जासोबत समितीपुढे ठेवावे, हा आग्रह आमच्या संघटनेने धरला. मला एकट्याला ते सुचले नसते.

आता पैशांचा मुद्दा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे राज्य शासनाचे आदेश आहेत आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतूनही या कामाला मदत करता येते. परंतु देणाऱ्याला मोजता येईल आणि ज्यावर नाव रंगवता येईल असे काही हवे असते. अर्ज भरून देणारी, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेचे नूतनीकरण वेळेत करून घेणारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पाचव्यांदा जाऊन फाईल कोठे अडली ते विचारणारी कार्यकर्ती यांपैकी कशातच बसत नाही. आमच्या संघटनेत ही कामे दोन माता आपापल्या मुलांना सांभाळून, एसटीचे भाडे पदरचे घालून करतात. एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचे वर्षाचे मानधन हीसुद्धा देणगीच आहे, हे दात्यांना कोणी तरी सांगायला हवे.

आपल्याकडून एका गोष्टीची अपेक्षा आहे. कायद्यानुसार स्थानिक स्तर समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. आपण लोकअदालतीची तारीख छापता, धरणातील पाणीसाठा रोज छापता. त्याच पानावर आपल्या जिल्ह्यातील समितीची पुढील बैठक कधी आहे, मागील बैठकीत किती अर्ज निकाली निघाले आणि किती प्रलंबित आहेत, एवढ्या तीन ओळी दर तिमाहीला छापाव्यात. बैठक झालीच नसेल, तर तेही छापावे.

आपला,
एक पालक, सांगली