शर्यतीची सायकल लाखाचीच हवी असे नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ट्रायथलॉनवरचा (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीवरचा) लेख वाचला. लेख उत्साहाने लिहिलेला आहे, पण नवशिक्याने आधी दीड-दोन लाखांची सायकल घ्यावी, हा त्यातला सूर पटला नाही. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा सांगणाऱ्या वडोदऱ्यात निव्वळ पैशाच्या धास्तीने पोरे मागे राहावीत, हे बरे नव्हे. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. पहिली शर्यत बहुतेकांची स्प्रिंट, म्हणजे कमी पल्ल्याची असते: 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणे. पोहता येत नसेल तर ड्युएथलॉन आहे, त्यात 5 धावणे, 20 सायकल, पुन्हा अडीच धावणे. 20 किलोमीटरला ताशी 28च्या वेगाने सुमारे 43 मिनिटे लागतात, 30च्या वेगाने 40. म्हणजे वेग एवढा वाढवला तरी प्रश्न तीन मिनिटांचा. त्यातला मोठा भाग बसण्याची ढब आणि टायर यांतून निघतो, कारण सपाट रस्त्यावर वाऱ्याला सर्वांत जास्त अडतो तो स्वाराचा देह. फ्रेम त्या मानाने फारच कमी अडते.

तीस हजार हाती असतील तर वीसपर्यंत वापरलेली रोड सायकल (वाकड्या हँडलची, शर्यतीची) घ्यावी आणि दहा हजार दुरुस्तीला राखून ठेवावेत. मागे आठ गिअर, पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या, एवढे पुरे. आठ गिअरची चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) स्वस्त पडते आणि ॲडजस्टमेंट जरा इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घेते.

घेताना रंगावर जाऊ नये. हँडलखालच्या नळीचे जोड उजेडात बघावेत. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेघ दिसली तर फ्रेम सोडून द्यावी. मग सीटपोस्टचा (सीटखालच्या दांडीचा) बोल्ट सैल करून सीटपोस्ट फिरतो का पाहावे. घाम आणि पावसाळी दमट हवा यांनी स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असा धरतो, की पुढे तो कापूनच काढावा लागतो. 'नंतर सोडवून देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊच नये. रिमच्या ज्या कडेवर ब्रेक घासतो तिथे बोट फिरवावे. खोलगट लागली तर रिम संपत आली आहे.

चेनला साधी फूटपट्टी लावावी. शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवले की नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. ती पिन एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक-अष्टमांश गेली असेल तर कॅसेटही गेली समजावी. जुन्या कॅसेटवर नवी चेन टाकली की नेमकी जोर लावताना ती दात्यांवरून उडते, आणि दोष मात्र बिचाऱ्या नव्या चेनला लागतो.

घरच्या हायब्रिडला (सरळ हँडलच्या सायकलला) वाकडे हँडल बसवून शर्यतीची सायकल करण्याची टूम सध्या जोरात आहे. ती करू नये. हायब्रिडच्या व्ही-ब्रेकला जितकी केबल ओढावी लागते, तितकी रोडचे ब्रेक लिव्हर ओढत नाहीत. पॅड रिमला अगदी चिकटवून ठेवले तरी लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. मागचा आठ गिअरचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चालून जातो, पुढच्याचे मात्र जमत नाही. शिवाय हायब्रिडची फ्रेम आधीच लांब, वाकड्या हँडलने हात आणखी पुढे जातात आणि मान आखडते. जुन्या 26 इंची 'स्पोर्ट्स' सायकलींचेही तेच. त्यांच्या रिमचा व्यास 590 मिलिमीटर, रोड सायकलच्या 700सी मापाच्या रिमचा 622. त्या मापात शर्यतीचे टायर मिळणे कठीण.

राखलेल्या पैशांतून पहिली खरेदी टायरची. फ्रेममध्ये बसत असेल तर 28 मिलिमीटर, नाहीतर 25. टायरवर छापलेला 120 पीएसआयचा (हवेच्या दाबाचा) आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज तितकी हवा भरा असा सल्ला नव्हे. 70 किलोच्या स्वाराला 28च्या टायरमध्ये 75 ते 80 पीएसआय पुरते. त्याहून कडक टायर आपल्या ठिगळांच्या रस्त्यावर उड्या मारतो, आणि उडण्यात वेगच जातो. पेट्रोलपंपाची नळी रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही, तेव्हा काट्याचा उभा पंप घरी हवाच.

दुसरी खरेदी क्लिप-ऑन एरोबार (हँडलवर बसवायचा, कोपरे टेकून पुढे वाकण्याचा जोड-दांडा). हँडलची मधली जाडी 31.8 मिलिमीटर आहे का ते मोजून मगच घ्यावा. जुनी हँडले 26 किंवा 25.4ची असतात, त्यांवर तो फिरतो. रबराची पट्टी गुंडाळून भागवू नये, खड्ड्यात दोन्ही कोपर एकदम खाली जातात. सीटची उंची आधी ठरवावी: अनवाणी उभे राहून जांघेपर्यंतची उंची मोजायची आणि तिला 0.883ने गुणायचे. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर. एरोबारवर वाकायचे तर सीट एक-दोन सेंटिमीटर पुढे आणि किंचित वर घ्यावी. नाहीतर मांडी पोटावर दाबली जाते आणि सायकलवरून उतरून धावताना कंबर सुटत नाही.

सायकल स्वतः जोडणार असाल तर दोन आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा: इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटचा (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्याचा) उजवा कप आणि डावे पेडल. सीटपोस्ट, पेडल, बोल्ट, सगळ्यांना ग्रीस लावा. गिअर लावताना आधी हँगर (मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) सरळ आहे का पाहावे, मग चेन चकत्यांबाहेर जाऊ न देणारे दोन्ही लिमिट स्क्रू, केबलचा ताण शेवटी. घाईच्या कारागिराकडे हा क्रम उलटा होतो आणि पहिल्याच चढावर चेन स्पोकमध्ये जाते. हँडलच्या टोकांची बुचे विसरू नयेत, ती नसली तर शर्यतीत सायकल उभीच करू देत नाहीत. हेल्मेटचा पट्टा सायकल स्टँडवरून काढण्याआधीच लागलेला हवा, हाही नियमच.

सरावाला आठवड्याचे सहा तास आणि बारा आठवडे धरावेत. दोनदा पोहणे, दोनदा सायकल, दोनदा धावणे, आणि यांतली एक सायकल-धाव पाठोपाठ. बहुतेक सराव बोलता येईल इतक्या सावकाश करावा. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात, म्हणून पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू काढावा. पेडल मिनिटाला 85-90 फेऱ्यांनी मारले तर हा त्रास कमी होतो. चढाचा सराव गावात होणे नाही. त्यासाठी हालोलमार्गे पावागड, पायथ्यापासून माचीपर्यंत. नवरात्रात रात्रभर गरबा खेळून पहाटे लांब पल्ला करू नये. गरबा हीसुद्धा मेहनतच, ती त्या आठवड्याच्या खात्यात धरा.

एप्रिल-मेमध्ये उन्हे चढण्याआधी घरी परत. सराव तासाभरापेक्षा जास्त वेळ असेल तर 1 लिटर पाण्यात 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धे लिंबू. बाजारातली महागडी पावडर याहून फार वेगळे काही देत नाही.

उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) आसपास एरोबारवर वाकून चालवणे बंदच ठेवा. मांजा नेमका गळ्याच्या उंचीवर येतो आणि हात ब्रेकपासून दूर असतात. स्कूटरवाले हँडलवर तारेची कमान लावतात, तशी सायकललाही लावता येते. गळ्याला जाड पट्टा तर हवाच. सगळ्यात बरे म्हणजे तेवढे दिवस पतंग उडण्याआधी, पहाटेच फेरी उरकावी.

राहता राहिले पोहणे. उघड्या पाण्याचा सराव हवा म्हणून विश्वामित्री नदीत किंवा आजव्याच्या तलावात उतरण्याचा विचारही मनात आणू नये, दोन्हीकडे मगरी आहेत. सारी भिस्त तरणतलावावर. डोके वर काढून दिशा बघण्याची सवय तिथेही लागते; दर सात-आठ हातांनी समोरचे घड्याळ बघत जावे. पण एकाच पाण्यात शिकणारी मुले, डुंबणारे आणि सलग अंतर कापणारे अशी सरमिसळ असली की 750 मीटर न थांबता पोहणे होत नाही. शहरातल्या सार्वजनिक तरणतलावांत सकाळच्या पहिल्या पाळीत दोरी बांधून दोन लेन सलग पोहणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, अशी आमची मागणी आहे. याला दोरी आणि जीवरक्षकाला दिलेली एक सूचना, एवढेच लागते. नव्या हंगामाचे पास निघण्याआधी हे व्हावे, म्हणून आपल्या वृत्तपत्राने हा विषय संबंधितांपुढे मांडावा ही विनंती.

आपले,
सायकल आणि पोहण्याचा सराव करणारे काही वाचक
दांडिया बाजार, वडोदरा