एकच 'पासून' आणि पोरांची इंग्रजी

मा. संपादक साहेब,
स.न.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं की आताच्या पोरांना इंग्रजीची दोन वाक्यं धड लिहिता येत नाहीत, २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणून काय मिळवलं वगैरे. माझं नाशिकला अशोक स्तंभाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, सकाळी अभ्यासिकेतली पोरं गाईडची पानं घेऊन येतात आणि दुपारनंतर सातपूर, अंबडच्या कंपन्यांत द्यायचे अर्ज टाईप करून घ्यायला बाकीचे, त्यामुळे या चुका रोज डोळ्याखालून जातात, पण मला त्यात आळशीपणा नाही दिसत, मराठी दिसते.

आता हे वाक्य बघा, आठवड्यात चारदा तरी टाईप करतो, 'आय ॲम वर्किंग इन अंबड सिन्स टू इयर्स'. यात चुका दोन. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून' पण म्हणतो, आपलं एका 'पासून'वर भागतं, इंग्रजीला मात्र दोन शब्द लागतात, कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती दिवस चाललंय ते सांगायचं तर फॉर. म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय 'सिन्स १८४०' आणि तेच 'फॉर मोअर दॅन १८० इयर्स'. दुसरी चूक म्हणजे 'काम करतोय' डोक्यात असतं म्हणून ॲम वर्किंग येतं, तिथे हॅव बीन वर्किंग पाहिजे कारण काम मागेच सुरू झालंय आणि अजून चालू आहे. आणि गंमत अशी की हाच पोरगा खालच्या ओळीत 'आय हॅव कम्प्लीटेड बीकॉम इन २०२२' लिहितो, म्हणजे हवा तिथे हॅव गायब आणि नको तिथे हजर! साल लिहिलं की नुसतं कम्प्लीटेड, पण आपण मराठीत '२०२२ ला पूर्ण केलंय' बिनधास्त म्हणतो ना, मग त्याला शंका येणार कुठून.

'आय डिड नॉट रिसीव्ह्ड सॅलरी स्लिप' हे पण तसंच, 'मिळाली नाही' मध्ये भूतकाळ 'मिळाली'त असतो म्हणून पोरं रिसीव्हला पण ईडी लावतात, डिडने ते काम आधीच केलेलं असतं हे कोणी सांगतच नाही. डिस्कस अबाउटचं तर बोलायलाच नको, डिस्कसपुढे अबाउट लागतच नाही, पण आपण 'त्याबद्दल चर्चा' म्हणतो ना, ती चूक मोठमोठ्या साहेबांच्या मेलमध्ये पण सापडते.

माझा खरा राग गाईडवर आहे. परवा एक मुलगी आली, चूक शोधायचा प्रश्न होता, 'वन ऑफ द स्टुडंट्स हॅव नॉट पेड द फी', आणि मागे उत्तर छापलेलं 'चूक नाही'. ती म्हणाली, काका, स्टुडंट्स अनेकवचनी आहे म्हणून हॅव बरोबर असेल. मी म्हटलं, ताई, मराठीत बोल, 'मुलांपैकी एक आला' म्हणतेस का 'एक आले'? ती हसली, लगेच हॅज लिहिलं. एमपीएससीत चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे मार्क जातात, आणि इथे पोरगी पैसे देऊन चुकीचं पाठ करत होती. जिथे उत्तर बरोबर असतं तिथे पण नुसता पर्याय छापतात, का ते नाही.

तर विनंती एवढीच, आपल्या पेपरात स्पर्धा परीक्षेचं पान येतं त्यात आठवड्याला अशी पाचच वाक्यं द्या, पण प्रत्येकाखाली मराठीत दोन ओळी पाहिजेत, की ही चूक आपल्याकडून का होते. वीस वाक्यं आणि तळाला उलटी छापलेली उत्तरं नकोत, ती कापून माझ्याचकडे झेरॉक्सला येतात, माझा धंदा होतो, पोरांचं काही होत नाही.

आपला,
एक झेरॉक्सवाला, अशोक स्तंभ, नाशिक

ता.क. त्याच मुलीने जाताना माझ्या बोर्डाकडे बोट दाखवलं, 'ऑल टाईप ऑफ झेरॉक्स' लिहिलंय, टाईप्स पाहिजे. अकरा वर्षं झाली बोर्ड लावून. नवीन फ्लेक्स होईपर्यंत मार्करने एक एस घुसवलाय.