तुझे चाळीस हजार

पेडणे, 7 ऑक्टोबर

प्रिय बाबल,

चवथीला तू आला नाहीस याचं मला बरं वाटलं. शिव्या घाल. वहिनीचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळल्यावर आईने देवापुढे नारळ ठेवला, आणि मी तिच्या मागे उभा राहून मनात म्हणत होतो, चला, आता हा दिवाळीपर्यंत तरी येत नाही. इतक्या खालच्या थराला गेलोय मी. थर म्हटलं की हल्ली मला दुसरं काही आठवतच नाही, का ते पुढे कळेल.

माझी तब्येत ठीक. शुगर आहे तेवढीच आहे.

मेमध्ये तू आपल्या दोन घरांच्या वाटेवर डांबर घालायला तुझा अर्धा वाटा पाठवलास, चाळीस हजार. ते पावसात गेले. फोटो पाठवला होता तो पहिल्याच संध्याकाळचा. त्यानंतर तू दोनदा विचारलंस, ‘वाट कशी आहे?’ आणि दोन्ही वेळा मी नारळाच्या भावाचा विषय काढला. तू पैशांचा हिशेब कधी मागत नाहीस, तिथेच तर माझी पंचाईत होते. मागितला असतास तर भांडून तरी मोकळा झालो असतो.

झालं असं. मोपाचा विमानतळ 2023 साली सुरू झाला तेव्हापासून आमच्या त्या दोन खोल्यांना गिऱ्हाईक येतं, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, गाडी दारात येईल का? पावसाळ्यात आपली वाट म्हणजे तुला माहीत आहे. एका दिल्लीवाल्याची गाडी तुमच्या फणसापाशी रुतली ती काढायला सहा माणसं लागली. त्याने खोलीचे पैसे दिले, पण जाताना नमस्कार केला तो असा, की मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. म्हणून डांबराचं काढलं.

मे महिन्यात एक जण मोटारसायकलवरून आला. वर मोठ्या रस्त्याचं काम चाललंय, माल उरलाय, उद्या संध्याकाळपर्यंत घालून देतो म्हणाला. अडतीस रुपये चौरस फूट. आपली वाट आणि दोन्ही दारांसमोरची जागा धरून दोनशे चौरस मीटर, म्हणजे 2,150 फूट. गुणाकार केला, एक्क्याऐंशी हजार सातशे. ऐंशीवर तोडलं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

टिपर आला साडेपाचला, ताडपत्रीशिवाय. ओतलेला माल पाहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाफ नाही, चकाकी नाही, राखाडी गोळे. मुकादमाने काठीने एक गोळा फोडला तर तो चुलीतल्या विझलेल्या कोळशासारखा कुरकुरला. खाली धूळ तशीच, झाडूसुद्धा फिरवला नाही. लहान रोलर दोनदा फिरला, अंधार पडला, पैसे मोजले. साडेसातला सगळे पसार. नंबर लागत नाही हे वेगळं सांगायला नको.

जूनचा पहिला आठवडा. तुमच्या पन्हाळीचं पाणी सरळ वाटेवर येतं, ते मालाखाली शिरलं. तिसऱ्या दिवशी कडा सुटल्या, पंधराव्या दिवशी मधोमध गवत. मी एक तुकडा उचलला, भाकरीसारखा अलगद हातात आला, खाली तांबडी माती चिकटलेली. नातीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, अठरा मिलिमीटर. पोरांनी मोठे तुकडे स्टंप म्हणून उभे केले आणि एक आईने तुळशीजवळ पाय पुसायला ठेवलाय. ती काही बोलत नाही. येता-जाता त्यावर पाय मात्र पुसते.

आता तुला हसायचं असेल तर इथे हस. दहावीच्या सुट्टीत आपण दोघे तुझ्या आबांच्या हाताखाली खडी वाहायला होतो, आठवतं? तुझी चप्पल डांबरात रुतली आणि मी रॉकेल आणायला गेलो तो तळ्यावर पोहत बसलो. त्यावरून तू माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होतास. (त्या वेळी तू चुकत होतास, अजूनही माझं तेच म्हणणं आहे. चप्पल जुनी होती.) ते असो. पहिले चार दिवस आबा आपल्याला नुसतं गटार खणायला लावत होते आणि सगळा गाव हसत होता की हा माणूस रस्ता करतोय की शेत. आधी पाण्याला वाट, मग डांबर, ही तुझ्या बापाने मला फुकट शिकवलेली गोष्ट मी ऐंशी हजार देऊन विसरलो.

गेले दोन महिने मी तीन कंत्राटदार फिरलो. सांगतो ते नीट वाच, तुझा पैसा आहे.

पहिला म्हणाला सत्तर रुपये फूट. विचारलं, खाली काय? खाली तुमची जमीन. त्याला चहा पाजून पाठवला. दुसरा मोठ्या डांबर प्लांटवाला, सार्वजनिक बांधकाम खात्याचे रस्ते करतो. त्याने विचारलं, किती टन? मी म्हणालो, फूट सांगू का? तो हसला. त्याने कागदावर मांडून दाखवलं: दोनशे चौरस मीटर जागा, चाळीस मिलिमीटर जाडी, झाले आठ घनमीटर. दाबलेला माल घनमीटरला साधारण 2.35 टन भरतो, म्हणजे सगळं मिळून एकोणीस टन. ‘एवढ्यासाठी माझं माल पसरायचं पेव्हर मशीन ट्रेलरवर चढतसुद्धा नाही,’ म्हणाला. गंमत बघ, त्या एकोणीस टनांत खरं डांबर पाच टक्के, साडेनऊशे किलो. जेमतेम सहा पिंपं! बाकी सगळी खडी. आणि त्याला डांबर म्हणायचं तेही आपण. तो म्हणतो ते बिटुमेन, व्हीजी-30 प्रकारचं, कच्च्या तेलातून सगळं काढून घेतल्यावर तळाशी उरतं ते. भाव एकादशीसारखा, पंधरवड्याला येतो, 1 आणि 16 तारखेला तेल कंपन्या बदलतात. म्हणून कोणी लेखी दर दिला तर खाली ‘पंधरा दिवसांपुरता’ असं असतंच.

तिसरा मला पटला. खिशात थर्मामीटर घेऊन आला. तुझी वहिनी आतून विचारते, डॉक्टर कोणासाठी बोलावलाय? माल प्लांटमधून निघतो तेव्हा दीडशे-एकशेसाठ अंश असतो, आणि नव्वदच्या खाली उतरायच्या आत रोलर फिरवून संपवावा लागतो, नंतर दाबून उपयोग नाही. हे त्याने सांगितलं आणि मला मेमधली ती संध्याकाळ आठवून घाम फुटला. मग त्याने पहार मागितली, वाटेत तीन ठिकाणी मारली आणि म्हणाला, पैसे वर नाही, खाली घाला.

त्याचा हिशेब असा. जुनं खरवडून नऊ इंच खणणं आणि माती नेणं, 28,000. चौदा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) खडी, पसरून पाणी मारून दाबून सहा इंच, 90,000. तिच्यावर पातळ डांबराचा फवारा आणि मग चाळीस मिलिमीटर गरम माल, 1,05,000. रोलर, छोटा पेव्हर आणायचं-न्यायचं भाडं 30,000, वाट दोनशे चौरस मीटर असो की दोन हजार, हे तेवढंच. एकूण 2,53,000, वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे 2,98,540. फुटाला एकशे एकोणचाळीसच्या जवळपास. बघ, काळं जे दिसतं त्याला निम्मेसुद्धा लागत नाहीत. उतार एका अंगाला, तीन मीटर रुंदीत साडेसात सेंटिमीटर, तुमच्या पन्हाळीचं पाणी गटारात. नळाचा पाइप आधीच खालून घालून घ्यायचा.

पेव्हर ब्लॉकचंही विचारलं. उखडून परत बसवता येतात हा फायदा खरा, पण त्यालाही खाली खडी हवीच. आई म्हणते चिरे घाला. आईचं बरोबर असेल, पण चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि घसरणार पहिली तीच.

आता खरी अडचण. वळणावरचा फणस. त्याची मुळं नेमकी वाटेखालून जातात आणि दोन-तीन वर्षांत डांबर वर उचलतील. कंत्राटदार म्हणाला, तोडा. मी म्हणालो, झाड मित्राच्या हद्दीत आहे, आणि परवानगीला वन खात्यात जावं लागेल. तो म्हणाला, मग झाडाभोवती दोन मीटर डांबर न घालता खडी सोडा, पाणी मुळांना जाईल, पण गाडी तेवढी हळू वळवावी लागेल. तुझी गाडी तशीही तू हळूच चालवतोस, पुण्यात काय करतोस देव जाणे. झाड तुझ्या आबांनी लावलेलं. मी काही ठरवलेलं नाही.

काम दिवाळीनंतर. आधी केलं तर पोरं नवीन डांबरावर नरकासुर जाळतील आणि मग आपण दोघे तिथे नरकासुर होऊ.

वहिनीला जिने चढू देऊ नकोस. चिरंजीवांच्या नोकरीचं ऐकलं, आनंद झाला, पेढे द्यायला सांग.

हिशेबाचा कागद सोबत आहे. अर्धा वाटा 1,49,270. तुझ्या नावापुढे मी 1,09,270 लिहिलेत, कारण चाळीस तू आधीच दिलेले आहेत. ते बुडाले ते माझ्या हातून, तुझ्या नाही. यावर फोन करून वाद घालू नकोस, मी उचलणार नाही. घालायचाच असेल तर इथे येऊन घाल.

फणसाचं तेवढं लवकर कळव. कंत्राटदाराला चुना मारून खुणा करायच्या आहेत.

तुझा,
दादू