सीटी स्कॅनच्या फिल्मबरोबर मूळ प्रतिमाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किडनीच्या कर्करोगाचा रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज संगणक आता स्कॅनवरून बांधू शकतो, अशा बातम्या वरचेवर वाचनात येतात. सीटी विभागात तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षे काम केल्यामुळे, या बातम्यांत कधीच न येणाऱ्या एका साध्या अडचणीबद्दल लिहीत आहे.

रोग शरीरात इतरत्र पसरलेला असल्यास असा अंदाज बांधायला डॉक्टर ज्या सहा निकषांचा आधार घेतात, ते २००९ साली प्रसिद्ध झाले. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, रुग्णाची कामे करण्याची क्षमता आणि निदानापासून औषध सुरू होईपर्यंत गेलेला काळ, एवढेच त्यांत येते; स्कॅनमधील एकही निरीक्षण त्यांत नाही. वास्तविक स्कॅनमधून बरेच काही कळते. सुनिटिनिबसारख्या कर्करोगावरच्या गोळ्यांनी गाठ पुष्कळदा बाहेरून तेवढीच राहते, मात्र आतून मरते, आणि पूर्वी उजळ दिसणारा तिचा गाभा पुढच्या स्कॅनमध्ये काळा पडलेला दिसतो. नेहमीच्या मोजणीत गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्के घटल्याखेरीज सुधारणा धरत नाहीत, त्यामुळे अशा रुग्णाच्या रिपोर्टवर ‘विशेष फरक नाही’ एवढाच शेरा येतो. त्याच स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचे स्नायूही दिसतात आणि ते झडलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. संगणक याच खुणा, आणि डोळ्यांना न जाणवणारा गाठीचा पोतही, आकड्यांत मोजतो.

पण त्यासाठी मूळ डिजिटल प्रतिमा हाताशी असाव्या लागतात, आणि आपल्याकडे घोडे अडते ते इथेच. किडनीच्या एका पूर्ण तपासणीत शेकडो, कधी हजाराहून अधिक चित्रे निघतात; रुग्णाच्या हाती मात्र मोठ्या पाकिटातली फिल्म पडते, जिच्यावर त्यांतली निवडक चित्रे पोस्टाच्या तिकिटांसारखी ओळीने छापलेली असतात. गाठ किती उजळ वा काळी आहे याचा, म्हणजे घनतेचा, आकडा फिल्मवरून काढता येत नाही. माझ्या मेहुण्यांची एक किडनी काढल्यावर चार वर्षांनी फुफ्फुसात ठिपके दिसले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्या स्कॅनच्या मूळ प्रतिमा मागितल्या. संबंधित केंद्राने त्या जागेअभावी केव्हाच पुसून टाकल्या होत्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रे डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात. हा आजार तर पाच काय, दहा वर्षांनीही उलटू शकतो.

दुसरी गोष्ट आमच्या कामातली. डाय, म्हणजे स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध, टोचल्यावर साधारण तिसाव्या सेकंदाला घेतलेल्या चित्रात किडनीच्या कर्करोगाची नेहमीच्या प्रकारची गाठ लख्ख उजळते, आणि नव्वदाव्या सेकंदाच्या पुढे तीच गाठ भोवतालच्या किडनीपेक्षा फिकी पडते. घाईत रुग्णाने श्वास नीट रोखला नाही किंवा काप, म्हणजे एकेका चित्रात येणारा शरीराचा थर, जाड घेतले, तरी आकडे बदलतात. मिनेसोटा विद्यापीठाने संगणकाकडून स्कॅनमधील किडनी व गाठ ओळखून घेण्याच्या २०१९ च्या एका स्पर्धेसाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३०० रुग्णांचे स्कॅन जमवून त्यांतले २१० संशोधकांना खुले केले, ही मोठीच सोय झाली. परंतु तिथल्या स्कॅनवर शिकलेला संगणक मिरजेच्या किंवा जालन्याच्या यंत्रावर कितपत चालेल, हे इथल्या रुग्णांवर पडताळल्याशिवाय कळणार नाही. शिवाय संगणकाचे उत्तर सारख्या लक्षणांच्या शंभर जणांचे असते, समोर बसलेल्या एकाचे नसते, हे नातेवाइकांना कोणीतरी नीट समजावून सांगायला हवे.

म्हणून प्रत्येक सीटी केंद्राने फिल्मसोबत सर्व मूळ प्रतिमा सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकद्वारे विनामागणी द्याव्यात, डाय टोचल्याची वेळ व कापांची जाडी रिपोर्टवर नोंदवावी, आणि कर्करोगाच्या रुग्णांचे स्कॅन किमान दहा वर्षे जपावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांसाठी शासनाने ही अटच घालावी. तोवर रुग्णांनी पाकीट घेताना खिडकीवरच सीडी मागून घ्यावी, आणि घरी गेल्यावर ती उघडते का, हे पाहून ठेवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सीटी तंत्रज्ञ, सांगली